सांगणे, लावणे, भूषविणे : विधी चालविणाऱ्या क्रियापदांचा इतिहास

१

महाविद्यालयीन वाङ्मयमंडळाच्या वार्षिक अहवालात एक वाक्य हटकून येते : अमुक कार्यक्रमाचे अध्यक्षस्थान अमुक यांनी भूषविले. वर्गात एकदा हे वाक्य फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना विचारले, की यातल्या कर्त्याने नेमके काय केले? बराच वेळ कोणी बोलेना. मग एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘सर, ते बसले होते.’ वर्ग हसला. उत्तर मात्र व्याकरणदृष्ट्या बिनचूक होते. या वाक्यात क्रियेचे कर्म ‘स्थान’ आहे, सभा नव्हे. अध्यक्षाने खुर्चीला शोभा आणली एवढेच वाक्य सांगते. सभा कोणाची होती, ती कोणी चालविली, तिचे जे काही झाले त्याची जबाबदारी कोणाची, यांपैकी कशाचाही पत्ता त्यातून लागत नाही.

दुसरीकडे घरातल्या पूजेविषयी आपण बोलतो तेव्हा मराठी अशी संदिग्ध राहत नाही. यजमान पूजा ‘करतो’, भटजी पूजा ‘सांगतात’. लग्न मुलगा-मुलगी ‘करतात’, भटजी ते ‘लावतात’, आईबाप ‘लावून देतात’, आणि मुहूर्त साधला की ते ‘लागते’. एकाच समारंभातील निरनिराळ्या भूमिकांना निरनिराळी क्रियापदे आहेत आणि शाळेची पायरी न चढलेला मराठी भाषकदेखील ती चुकवीत नाही.

विधी ज्याचा आहे तो आणि विधी जो चालवितो तो, यांच्यातील हे अंतर आपल्या भाषेने फार काळ जपले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात धार्मिक अधिकारावरून जो संघर्ष झाला, तो पुष्कळ अंशी या अंतराविषयीचा होता. त्याच काळात आकाराला आलेल्या आधुनिक सभेने मात्र अशा क्रियापदाची निवड केली, की ज्यात हे अंतर उरलेच नाही. या दोन घटनांचा संबंध तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

संस्कृत व्याकरणाने हा भेद धातूच्या रूपातच बसविलेला आहे. ‘यज्’ हा धातू परस्मैपद आणि आत्मनेपद अशा दोन्ही पदांत चालतो. क्रियेचे फळ कर्त्याकडे जात असेल तर आत्मनेपद वापरावे, अशी पाणिनीची व्यवस्था आहे. म्हणून स्वतःसाठी यज्ञ करणारा ‘यजते’, तर दुसऱ्यासाठी यज्ञकर्म करणारा ऋत्विज ‘यजति’. यावर एक शंका सहज निघते. ऋत्विजालाही दक्षिणा मिळते. मग फळ त्याच्याकडे गेले नाही असे कसे म्हणता येईल? काशिकावृत्तीने या शंकेची दखल घेतली आहे. तिच्या मते दक्षिणा हा लाभ खरा, परंतु क्रियेचा आरंभ त्या लाभासाठी झालेला नसतो. ज्या फळासाठी कर्म आरंभिले ते फळ यजमानाचेच. पौरोहित्याच्या व्यवहारातील एक नाजूक प्रश्न व्याकरणकारांनी असा पदांच्या पातळीवर सोडविला.

‘यजमान’ हा शब्द याच आत्मनेपदाचे वर्तमानकालवाचक धातुसाधित होय : स्वतःसाठी यजन करीत असलेला. मराठीत तो घरधनी, आतिथ्य करणारा आणि पती अशा अर्थांनी रुळला, आणि त्याचे यज्ञाशी असलेले नाते विस्मरणात गेले. त्याच धातूच्या प्रयोजक रूपापासून ‘याजन’ सिद्ध होते : दुसऱ्याकडून यज्ञ करविणे. धर्मशास्त्राने ब्राह्मणाची म्हणून जी सहा कर्मे सांगितली त्यांत यजन आणि याजन वेगळी मोजली आहेत. आणि मनुस्मृतीने याजन, अध्यापन व प्रतिग्रह ही तीन उपजीविकेची साधने म्हणून बाजूला काढली आहेत. याजन हा व्यवसाय आहे आणि तो एका वर्णाकडे राखून ठेवलेला आहे, ही गोष्ट शास्त्रानेच अशी उघड केली. ज्या भेदाने व्याकरणात फळाचा धनी ठरविला, त्याच भेदाने समाजात अधिकाराचा धनी ठरविला. पुढील सर्व इतिहासाचे बीज येथे आहे.

३

मराठीला परस्मैपद-आत्मनेपद हा भेद वारशाने मिळाला नाही. तरी ज्या अर्थासाठी तो होता, तो अर्थ भाषेने सोडला नाही. ‘करून घेणे’ आणि ‘करून देणे’ या संयुक्त क्रियापदांत ‘घेणे’ फळ कर्त्याकडे वळविते, ‘देणे’ ते दुसऱ्याकडे वळविते. 6 जून 1674 रोजी रायगडावर झालेल्या समारंभाविषयी आपण दोन वाक्ये सारख्याच सहजतेने उच्चारतो : गागाभट्टांनी राज्याभिषेक केला, आणि शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक करवून घेतला. दोन्ही खरी आहेत. परंतु राज्य कोणाचे हे दुसरे वाक्य सांगते. त्याच वर्षी सप्टेंबरात निश्चलपुरी गोसाव्यांच्या हस्ते तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक झाला. विधी चालविणारा बदलला, पद्धतीही बदलली. ‘करवून घेणारा’ बदलला नाही.

‘सांगणे’ हे क्रियापद याहून सूक्ष्म आहे. पूजेच्या प्रारंभी जो संकल्प सोडतात त्याचे क्रियापद ‘करिष्ये’ असे असते. ते प्रथमपुरुषी, एकवचनी आणि आत्मनेपदी आहे. म्हणजे ‘मी माझ्यासाठी हे करीन’. हे वाक्य प्रथम उच्चारतो पुरोहित, परंतु त्यातला ‘मी’ पुरोहित नव्हे. यजमानाने ते मागोमाग म्हटल्यावर त्या ‘मी’ला त्याचा खरा धनी लाभतो. दुसऱ्याच्या तोंडी त्याचा स्वतःचा ‘मी’ घालणे, या विलक्षण भाषिक कृतीला मराठीने ‘सांगणे’ हा साधा शब्द योजला. सांगणारा कर्ता नाही. कर्त्याला त्याचे वाक्य पुरविणारा आहे.

‘लावणे’ची जात वेगळी. लग्न ‘लागते’ हा अकर्मक प्रयोग प्रधान आहे आणि ‘लावणे’ त्याला जोडीचे सकर्मक. ‘लग्न’ हा शब्द मूळचा ‘लग्’ या धातूचे, जडणे-चिकटणे या अर्थाचे धातुसाधित. ज्योतिषात तो क्षितिजावर उगवत्या राशीचा, म्हणून मुहूर्ताचा वाचक. दिवा लागतो, समाधी लागते, तसे लग्न लागते. लावणारा निमित्तमात्र असतो. मुंजही अशीच ‘लागते’. या क्रियापदांत पुरोहिताला मान आहे, पण मालकी नाही.

तथापि भाषेने राखलेला विवेक समाजानेही राखला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ज्याला ‘सांगितले’ जाते त्याला ते समजले पाहिजे, ही अट क्रियापदात नाही. संस्कृत न जाणणाऱ्या यजमानाने ‘करिष्ये’ म्हणावे आणि आपण कशाची प्रतिज्ञा केली हे त्याला ठाऊक नसावे, अशी स्थिती शतकानुशतके होती. त्याचा ‘मी’ त्याच्या नावे दुसराच वापरीत होता.

४

सांगण्याचा अधिकार गावगाड्यात वतन झाला, तेव्हा हा प्रश्न केवळ अर्थबोधाचा राहिला नाही. गावजोशाला त्या गावातील विधी चालविण्याचा वंशपरंपरागत हक्क असे. 1870च्या दशकात मुंबईच्या उच्च न्यायालयाने हा हक्क मान्य करताना असेही स्वीकारले, की एखाद्याने दुसऱ्याकडून विधी करविला तरी वतनदार जोशी आपली दक्षिणा मागू शकतो. काशिकाकारांनी आनुषंगिक ठरविलेली दक्षिणा येथे विधीपासून सुटून स्वतंत्र मिळकत झाली होती. जोशाने काही न सांगताही सांगण्याचे मोल त्याला देणे होते.

जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला समाजाच्या पद्धतीने, ब्राह्मण पुरोहितावाचून, पहिला विवाह झाला. पुढे जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे अशा विवाहावरून ग्रामजोशांनी लावलेला दावा उच्च न्यायालयापर्यंत गेला. या चळवळीचा सामाजिक इतिहास अनेकांनी लिहिला आहे. येथे लक्ष वेधावयाचे आहे ते फुल्यांच्या एका शब्दाकडे.

1887 साली समाजासाठी त्यांनी जी पुस्तिका प्रसिद्ध केली तिचे नाव ‘सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजा-विधि’ असे आहे. यातले ‘समाजोक्त’ हे विशेषण सहजगत्या आलेले नाही. विधींची ‘वेदोक्त’ आणि ‘पुराणोक्त’ अशी उतरंड त्या काळच्या वाचकाच्या परिचयाची होती. ‘उक्त’ म्हणजे सांगितलेले. वेदाने सांगितलेले द्विजांसाठी, पुराणाने सांगितलेले इतरांसाठी. या दोन पदांशेजारी फुल्यांनी तिसरे पद आणून ठेवले : समाजाने सांगितलेले. पुरोहित नाकारणे एवढाच याचा अर्थ नव्हे. पुरोहित काढून टाकला तरी ‘सांगणारा’ कोण, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्या जागी त्यांनी ज्यांचा विधी आहे त्यांचा समुदायच बसविला. त्यांच्या मंगलाष्टकांत वर आणि वधू एकमेकांशी मराठीत बोलतात. ‘करिष्ये’मधला हरवलेला ‘मी’ तेथे आपल्या भाषेत परत येतो, आणि विशेष म्हणजे तो दोघांचा असतो. मृत्यूनंतर 1891 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’तही त्यांनी विधींचा हा विचार पुढे नेला.

कोल्हापुरात 1899च्या सुमारास पेटलेल्या वेदोक्त प्रकरणात हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून पुढे आला. पंचगंगेवरील स्नानाच्या वेळी छत्रपती शाहू महाराजांसाठी पुराणोक्त मंत्र सांगितले जात असल्याचे उघड झाले आणि त्यांनी वेदोक्ताचा आग्रह धरला. वादाचा विषय विधी नव्हता, यजमानही नव्हता; काय ‘सांगावयाचे’ हे ठरविण्याचा अधिकार हाच होता. राजोपाध्यांनी नकार दिला आणि त्यांची इनामे खालसा झाली. 1920 साली शाहू महाराजांनी सदाशिवराव पाटील-बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून पीठावर बसविले. फुले आणि शाहू यांचे मार्ग येथे भिन्न होतात. एकाने सांगणाऱ्याचे पीठ समाजात विसर्जित केले, दुसऱ्याने पीठ राखून त्यावरचा माणूस बदलला. दोहोंचा रोख मात्र एकच होता. 1926 साली मुंबई इलाख्यात कायदा होऊन, विधी न चालविताच दक्षिणा मागण्याचा वतनी हक्क संपुष्टात आला. सांगेल त्यालाच सांगण्याचे मोल, हे तत्त्व असे विधिमंडळाच्या वाटेने परतले.

५

आता सभेकडे वळू. 1878 साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. 1885 साली कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली दुसरे. व्याख्यानमाला, परिषदा, वार्षिकोत्सव यांच्याद्वारे जो नवा सार्वजनिक व्यवहार घडत होता, त्याला स्वतःचा विधी हवा होता. अध्यक्षाची सूचना, तिला अनुमोदन, प्रास्ताविक, अध्यक्षीय समारोप, आभारप्रदर्शन हा क्रम लवकरच इतका पक्का झाला, की त्यातले एक अंग गाळले तर कार्यक्रम अपुरा वाटावा. या विधीसाठी मराठीने ‘सांगणे’ घेतले नाही, ‘लावणे’ही घेतले नाही. अध्यक्षस्थान स्वीकारणे, मंडित करणे, विभूषित करणे, भूषविणे अशी सालंकृत शब्दयोजना रूढ झाली. ‘अध्यक्षतेखाली’ यातील ‘खाली’वर तर इंग्रजी रचनेची छाया स्पष्ट आहे.

‘अध्यक्ष’ हा शब्द मूळचा असा निष्क्रिय नाही. अधि आणि अक्ष मिळून वरून पाहणारा, लक्ष ठेवणारा असा त्याचा अर्थ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसरे अधिकरण अशाच अध्यक्षांच्या कामाविषयी आहे : सीताध्यक्षाने शेतीवर, शुल्काध्यक्षाने जकातीवर, नावध्यक्षाने जलवाहतुकीवर देखरेख करावयाची. हे अध्यक्ष हिशोब देतात, आणि चुकले तर दंडही भरतात. दुसरी परंपरा तत्त्वज्ञानाची. गीतेच्या नवव्या अध्यायात ईश्वराच्या अध्यक्षतेने प्रकृती चराचर प्रसवते असे म्हटले आहे, आणि शंकराचार्यांनी तेथे अध्यक्ष म्हणजे स्वतः विकार न पावणारा केवळ द्रष्टा, असा अर्थ लावला आहे. एक अध्यक्ष उत्तरदायी, दुसरा साक्षी.

आपल्या सभेच्या भाषेने या दोहोंपैकी एकही पुरता घेतला नाही. उत्तरदायित्व घेतले असते तर ‘सभा चालविली’ हे क्रियापद प्रतिष्ठित झाले असते. साक्षित्व घेतले असते तर अध्यक्षाचे मौनही अर्थपूर्ण ठरले असते. श्रौत यज्ञातील ‘ब्रह्मा’ हा ऋत्विज बव्हंशी मौन धरून असतो, परंतु कर्मात चूक झाली की प्रायश्चित्त त्यानेच करावयाचे असते. भूषविणाऱ्याला असे कोणतेही कर्म नाही. निवडणुकीच्या कामावर गेलेल्या प्राध्यापकांना हा फरक अनुभवाने ठाऊक आहे. मतदान केंद्राध्यक्षाने केंद्र ‘भूषविले’ असे कोणी म्हणत नाही. पहाटेपासून मोहोरबंद पेट्या जमा होईपर्यंत प्रत्येक कागदावर सही त्याची असते.

1885च्या संमेलनाचे निमंत्रण फुल्यांनी नाकारले, ही घटना या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचण्यासारखी आहे. जे मानवी हक्क सर्वांना देण्यास सिद्ध नाहीत त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमच्या सभांचा व ग्रंथांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. साहित्याच्या इतिहासात हे पत्र बहिष्काराचा दस्तऐवज म्हणून वाचले जाते, आणि विद्रोही साहित्यविचाराने त्यात आपले मूळ शोधले ते योग्यच आहे. परंतु बारा वर्षे पुरोहिताविना विवाह लावणाऱ्या आणि दोन वर्षांनी ‘समाजोक्त’ विधी प्रसिद्ध करणाऱ्या माणसाचे हे पत्र आहे, हे विसरता कामा नये. गावातल्या मांडवात त्याने जो प्रश्न विचारला, तोच त्याने पुण्यातल्या सभेला विचारला. हा समारंभ कोणाचा, आणि तेथे कोणाच्या वतीने कोण सांगणार?

६

साहित्य संमेलनाच्या पुढील इतिहासात या प्रश्नाची उत्तरे अधूनमधून अनपेक्षितपणे मिळाली. 1975 साली कराडच्या संमेलनात दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते आणि देशात आणीबाणी होती. जयप्रकाश नारायण यांना आरोग्य लाभावे म्हणून दुर्गाबाईंनी व्यासपीठावरून प्रार्थनेचे आवाहन केले. त्या क्षणी अध्यक्षस्थान भूषविले गेले नाही, वापरले गेले. सभेच्या ‘मी’ला त्यांनी त्याचे वाक्य पुरविले, जुन्या अर्थाने त्यांनी ‘सांगितले’. ते वाक्य आपले म्हणावयाचे की नाही, हे सभेने ठरवावयाचे होते.

उलट 2009 साली महाबळेश्वरच्या संमेलनापूर्वी निर्वाचित अध्यक्ष आनंद यादव यांना त्यांच्या तुकारामांवरील कादंबरीच्या वादात पद सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षावाचून झाले. मंडप उभा राहिला, परिसंवाद झाले, ठराव झाले. लेखकाच्या पाठीशी उभे राहण्याचा प्रसंग आला तेव्हा रिकाम्या खुर्चीने संमेलनाचे काही अडले नाही, यातून ‘भूषविणे’ या क्रियापदाचा अर्थ कोणत्याही कोशापेक्षा स्पष्ट झाला. भूषण उतरविले तरी देह चालतोच. 2019च्या यवतमाळ संमेलनात उद्घाटक म्हणून बोलाविलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेण्यात आले. अध्यक्ष अरुणा ढेरे यांनी त्याविषयीची नापसंती व्यासपीठावरूनच व्यक्त केली, तेव्हा कृती आणि भूषण यांतला हा ताण पुन्हा दिसला.

दरम्यान घरगुती विधींच्या क्षेत्रात याहून शांत पण मूलगामी बदल घडत आला आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात पुण्यात स्त्रियांना पौरोहित्य शिकविणारे वर्ग सुरू झाले; ज्ञानप्रबोधिनीने मंत्रांचा अर्थ मराठीत सांगत संस्कार करण्याची पद्धत रुजविली आणि स्त्री-पुरुष व जात यांचा भेद न मानता पुरोहित घडविले. या स्त्रियांना कोणत्या नावाने हाक मारावी, याविषयी अजून एकवाक्यता नाही, कारण ‘भटजी’ला आणि ‘गुरुजी’ला रुळलेले स्त्रीरूप नाही. क्रियापदाला मात्र काहीच अडचण आली नाही. ‘त्यांनी पूजा फार छान सांगितली’ हे वाक्य जसेच्या तसे उपयोगी पडले. नाम लिंगाला आणि जातीला बांधलेले होते. क्रियापद मोकळे होते.

या मोकळेपणाचा अर्थ अभ्यासकांनी नीट ध्यानात घ्यावयास हवा. सत्तेच्या भाषेचे विश्लेषण करताना आपण पदे, बिरुदे, संबोधने तपासतो, कारण विषमता तेथे डोळ्यांना दिसते. क्रियापदाकडे लक्ष जात नाही. वस्तुतः विधी कोणाचा आणि फळ कोणाचे, याची नोंद क्रियापदात असते. मराठीच्या घरगुती क्रियापदांनी ही नोंद पुरोहितशाहीच्या भर काळातही पुसू दिली नाही. म्हणूनच फुल्यांना आपला विधी रचताना नवे क्रियापद घडवावे लागले नाही. असलेल्याच क्रियापदाचा कर्ता बदलणे पुरेसे झाले. सार्वजनिक जीवनाची भाषा घडविणाऱ्या सुशिक्षितांनी मात्र अलंकाराच्या हौसेने ती नोंदच काढून टाकली.

फळ्यावरचे ते वाक्य शेवटी विद्यार्थ्यांनीच दुरुस्त केले. बऱ्याच चर्चेनंतर त्यांनी लिहिले : सभा मंडळाची होती, ती अमुक यांनी चालविली. त्यावर्षीच्या छापील अहवालात पुन्हा ‘भूषविले’च आले. पाहुण्यांना ‘चालविली’ हा शब्द उणा वाटेल, असे आम्हा अध्यापकांचेच मत पडले.